शाळेमागचं पांढरं द्राक्ष

"मॅडम, आमच्या शाळेमागच्या द्राक्षाची दारू होते का?"

विचारलं आयतनं, पण प्रश्न होता दिव्यानीचा, आणि त्यावर दोन आलुबोंड्यांची पैज लावली होती रीतानं. "तालुक्याले भाषणात पहिली आली न तू? मंग हे विचारून दाखव," असं ती बाकाखालून पाय मारत म्हणाली होती. मागच्या वर्षीपर्यंत आयत हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात बोलायची आणि सर तिची गैरहजेरी लावून मोकळे व्हायचे. जुलैत वक्तृत्व स्पर्धा जिंकली आणि तिला स्वतःचा आवाज सापडला. नवी सायकल मिळालेलं पोर काम नसताना गल्लीत चकरा मारतं, तशी ती तो आवाज सगळीकडे फिरवत होती.

हॉलमध्ये मागच्या बाकांवर कोणीतरी खिदळलं. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी होऊन आयतच्या वयाच्या दुप्पट वर्षं झाली होती. त्यात ती फळवाल्या जाफरभाईची पोरगी. हेडमास्तर खुर्चीत पुढे सरकले, मागे सरकले आणि शेवटी पाहुण्यांकडे बघून ओशाळं हसले.

पाहुण्या म्हणजे अन्नपूर्णा मडावी मॅडम. फळझाडांवर संशोधन करायच्या, 'दहावीनंतर काय' यावर बोलायला आल्या होत्या. सकाळची बस चुकली, दुसरीत उभ्यानं यावं लागलं, आणि तासभर बोलून झाल्यावर 'काही प्रश्न?' असं त्यांनी विचारलं तेही पर्स काखेला लावूनच. त्यांनी आयतकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत.

"कोणता वेल?" त्या म्हणाल्या. "चल, दाखव."

वेल मुलींच्या मुताऱ्यांमागे होता. जुन्या सायकल स्टँडचे लोखंडी अँगल तेवढे उरले होते, त्यांवर तो चढून बसला होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी कार्यानुभव शिकवणाऱ्या गुणवंतराव सरांनी तो कुठूनतरी पश्चिमेकडून आणून लावला होता, एवढंच शाळेला माहीत. सर वारले, त्यालाही आठ वर्षं झाली. तेव्हापासून वेलाला कोणी पाणी घातलं नव्हतं आणि कोणी तोडलाही नव्हता. करवंदाएवढी पांढुरकी द्राक्षं लागत, ती इतकी आंबट की पोरं ती खायला नाही, एकमेकांना मारायला वापरत.

मॅडमनी एक पान तोडून उलटं केलं. खालची बाजू कापसासारखी पांढरी, लवदार. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला, मग दुसरं पान घेतलं, मग तिसरं. बसची वेळ झाल्याचं हेडमास्तरांनी दोनदा सांगितलं.

"बाजारात मिळतं त्यातलं हे काही नाही," त्या म्हणाल्या. "बिनबियाची द्राक्षं यायच्या आधी तिकडे रसाच्या पांढऱ्या जाती होत्या, गावागणिक वेगळ्या. बहुतेक उपटून टाकल्या. हा त्यातला असेल. नसेलही. पानावरून मी सांगणार नाही."

"मंग दारू होते का नाई?" आयतनं पुन्हा विचारलं. पैज जिंकलेली होती, आता तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"कोणत्याही द्राक्षाची होते. चांगली होते का, ते रस सांगतो. त्यासाठी वर्षभर कोणीतरी याच्याकडे पाहायला पाहिजे. काडीवरचा डोळा, म्हणजे अंकुर, कधी फुटला, फूल कधी आलं, मणी कधी भरला. सगळं लिहून."

मॅडमनी आजूबाजूला पाहिलं. हेडमास्तरांना आता सूड घ्यायची संधी होती आणि त्यांनी ती घेतली.

"विचारलं कोणी? आयतनं. मग आयतच पाहील."

असं ते काम आयतच्या गळ्यात पडलं. पहिले चार दिवस रीता आणि दिव्यानी सोबत आल्या. पाचव्या दिवशी रीताला खोकला झाला आणि दिव्यानीला ट्यूशन लागली. आलुबोंडे मात्र त्यांनी दिले, आणि त्यातला एक दोघींनी मिळून खाल्ला.

ऑक्टोबरात मॅडमनी फोनवरून छाटणी सांगितली. द्राक्षाला वर्षातून दोनदा कापतात: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळ धरायला. या वेलाला जन्मात कात्री लागली नव्हती, म्हणून तो मनाला येईल तसा फळत होता. शिडी धरायला लटारूभाऊ आले. ते शाळेचे शिपाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत तेंदूपानाच्या कामावर जायचे, आणि जंगलातलं कुठलंही झुडूप त्यांना नावानिशी माहीत होतं. पण द्राक्ष त्यांच्या जंगलातलं नव्हतं.

"एवढी मेहनत अन् खाले आंबट," ते खालून म्हणाले. "काऊन करून राह्यली बेटा?"

"मॅडमनं सांगितलं म्हणून."

"अन् मॅडमले कोनं सांगितलं?"

आयतनं पुढची काडी कापली. तिचे हात भरून आले होते, मानेत वेलाची साल गेली होती आणि गणिताची वही घरी कोरी पडली होती.

मग रोजचंच झालं. शाळा सुटली की मुताऱ्यांमागे जायचं, दोन बादल्या पाणी, मग रजिस्टर. काडीवरचे डोळे फुगले. डोळे फुटले. पान आलं: वरून हिरवं, खालून पांढरं, पाच बोटांचं आणि बोटांमधल्या फटी खोल. थंडीत बारीक फुलं आली, त्यांचा वास घ्यायला नाक अगदी टेकवावं लागे. लिहिता लिहिता आयतला ते पान इतकं पाठ झालं, की विज्ञानाच्या वहीच्या कोपऱ्यात तिचं पेन आपोआप तेच काढत बसे. वर्गात तिला 'दारूवाली' नाव पडलं. दिव्यानी वेलाबद्दल रोज विचारायची, "तुही पोट्टी कशी हाये व? दात आले का तिले?"

घरी वेगळंच. अब्बूंचा फळांचा गाडा बसस्टँडसमोर होता; द्राक्ष म्हटलं की त्यांच्यापुढे नाशिकची पेटी उभी राही. आयतनं जानेवारीत एक कच्चा घड नेऊन दिला. त्यांनी एक मणी चावला आणि डोळा मिटला.

"हे गिऱ्हाईकाले दिलं तं माझा गाडा पालथा करतीन."

"पिकलं नाई अजून, अब्बू."

"पिकून तं काय, दारूचंच न ते?" अम्मी मशीनवरून म्हणाली. अम्मी म्हणजे मलिका. अर्ध्या आलापल्ली गावाचे ब्लाउज तीच शिवायची. "मोहल्ल्यात बायका विचारून राह्यल्या, तुही पोरगी कायचा वेल पाळते म्हणून. मी काय सांगू?"

"द्राक्षाचा सांग. मी रोज द्राक्षंच विकतो, मले कोनी विचारत नाई," अब्बू म्हणाले आणि आडवे झाले. दिवसभर उभं राहून त्यांच्या पायांना सूज यायची, आणि कुठलाही वाद ते पाय वर करून, डोळे मिटूनच संपवायचे.

तरी बुलबुल घड टोचायला लागले तेव्हा मलमलच्या उरलेल्या तुकड्यांच्या तीस पिशव्या अम्मीनंच शिवून दिल्या. गळलेल्या मण्यांचा तिनं बरणीत सिरका, म्हणजे व्हिनेगर, घातला आणि मोहल्ल्याला तेच सांगितलं: सिरक्याचा वेल आहे. दारू हराम, सिरका चालतो. बायका गप्प बसल्या.

फेब्रुवारीच्या मध्याला मॅडम आल्या. या वेळी बस चुकली नव्हती, पण गुडघा धरला होता. त्यांनी मलमल सोडून एक घड काढला. मणी आता पिवळट, पातळ सालीचे, उन्हात धरले तर आतल्या बिया दिसत होत्या. मॅडमनी पर्समधून एक छोटी नळी काढली, तिच्या काचेवर रसाचा थेंब टाकला आणि ती डोळ्याला लावली.

आकडा त्यांनी दोनदा पाहिला. मग नळी आयतच्या हातात दिली. आत साखर मोजायची आकड्यांची पट्टी होती, निळा भाग आणि पांढरा भाग. रेघ बाविसावर होती.

"नाशिकच्या खायच्या द्राक्षाला अठरा आलं की शेतकरी खूश होतो," मॅडम म्हणाल्या. "इथे बावीस. आणि चव बघ, आंबटपणा गेलेला नाही. दोन्ही एकत्र सहसा मिळत नाही. तू मागे विचारलं होतंस ना? होते. चांगली होईल."

आयतला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण सहा दिवसांवर दहावीची परीक्षा होती, आणि तिला तिथेच भिंतीला टेकून झोपावंसं वाटत होतं.

"ह्या जातीचा दुसरा वेल मला अजून कुठे सापडला नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "सात जिल्हे फिरते, एकटीच आहे ह्या कामाला. एप्रिलच्या छाटणीला मी स्वतः येईन आणि काड्या नेईन. चार ठिकाणी लावू, मग हा मेला तरी भीती नाही. तोवर कोणी हात लावायचा नाही."

आयतनं ते रजिस्टरात लिहिलं: 'एप्रिलपर्यंत हात लावायचा नाही.' खाली तारीख टाकली. रजिस्टर दप्तरात गेलं, दप्तर घरी, आणि ते वाक्य आयतशिवाय कोणी वाचलं नाही.

परीक्षा सुरू झाली आणि दहा दिवसांत रमजान लागला. फळांच्या गाड्यावर संध्याकाळी गर्दी, म्हणून अब्बू दमलेले. ईदच्या कपड्यांसाठी मशीन थांबत नव्हतं, म्हणून अम्मी दमलेली. आयत रोजे ठेवत होती, पेपर देत होती, आणि मार्चच्या उन्हात दोन बादल्या पाणी ओढत होती, जे तिला स्वतःला प्यायचं नव्हतं. तिसऱ्या रोज्याला बादली हातातून निसटली आणि ती वाफ्याच्या काठावर बसली. लटारूभाऊ झाडू घेऊन येत होते.

"भाऊ," ती म्हणाली, "या वेलाचं आता तुमीच पाहा. माझ्यानं नाई होत."

"जा न बेटा. पेपर लिव. म्या पाहतो."

ती गेली. आठ दिवस तिकडे फिरकली नाही, आणि आठ दिवस तिला बरं वाटलं.

विज्ञानाचा पेपर झाला त्या दुपारी ती मुताऱ्यांमागे गेली आणि कोपऱ्यावरच थबकली. तिथं एवढं ऊन कधी नसायचं. अँगल नागडे उभे होते. वेल नव्हता. जमिनीलगत मनगटाएवढं एक खोड होतं, कुऱ्हाडीनं साफ, तिरपं कापलेलं, आणि कापावरून पाणी पाझरत होतं.

लटारूभाऊ बाजूलाच आळं करत होते. त्यांनी अभिमानानं वर पाहिलं.

"आलीस? पाच दिवस झाले करून. तेंदूले करतो तशी खुटकटाई. झुडूप बुडातून कापलं का चैतात कसा कवळा पाला फुटते. नाई कापलं तं पान निबर. तुह्या वेलाचं लाकूड तं लयच जुनं झालतं. आता पाह्य, कसा येते."

आयतच्या तोंडात शब्द आले होते, पण ते सगळे तिचेच होते: तुमीच पाहा. भाऊंनी पाहिलं होतं. जन्मभर ज्या झुडपाचं बरं केलं, त्याचं जसं करायचं तसंच याचंही केलं होतं.

"काड्या?" तिनं एवढंच विचारलं. "काड्या कुठी आहेत?"

काड्या खिचडीच्या चुलीपाशी होत्या. खिचडी शिजवणाऱ्या गुणाबाई दोन दिवस त्यांवरच भात शिजवत होत्या.

"मस्त जळते व पोट्टी," त्या म्हणाल्या. "धूर नाई, काई नाई. अजून हाये का?"

आयतनं चुलीजवळच्या ढिगात हात घातला. बहुतेक वाळून काटक्या झाल्या होत्या. नखानं साल खरवडून ज्यांत हिरवं दिसलं त्या तिनं बाजूला काढल्या. अकरा निघाल्या. परीक्षेच्या पॅडला ओढणीनं बांधून ती त्या घरी घेऊन आली. रस्त्यात रीता भेटली, "कसा गेला पेपर?" म्हणाली, आणि आयतचं तोंड पाहून तिनं रस्ता दिला.

दुधाच्या पिशव्यांत रेती-माती भरून तिनं अकरा काड्या मोरीच्या सावलीत लावल्या. मॅडमना फोन केला. पलीकडे बसचा हॉर्न वाजत होता. मॅडम म्हणाल्या, "बुडापासून फुटेल कदाचित. थांबू." आवाजावरून वाटलं, त्यांनी असं बरेचदा थांबून पाहिलं असावं.

पाच काड्या ईदपर्यंत काळ्या पडल्या. चार नुसत्याच उभ्या राहिल्या, ना जिवंत ना मेलेल्या, मग त्याही वाळल्या. दोन फुटल्या. त्यातली एक शेजारच्या बकरीनं ईदच्या दुसऱ्या दिवशी खाल्ली आणि शेजारीण येऊन वर म्हणाली, "एक पान तं होतं बापा." उरली एक. तिला दोन पानं होती, नखाएवढी, खालून पांढरी.

आणि शाळेत, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, खोड फुटलं.

नुसतं फुटलं नाही, उसळलं. सात फुटवे, आठवडाभरात हातभर. लटारूभाऊ आल्यागेल्याला मागे नेऊन दाखवत. हेडमास्तरांनी मोबाइलवर फोटो काढला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला. दिव्यानी आणि रीता धावत आयतच्या घरी आल्या.

"तुही पोट्टी जिती हाये," दिव्यानी म्हणाली. "चाल, पाहाले चाल. मोठी होऊन आली."

आयत गेली. भाऊ पाण्याची बादली घेऊन उभेच होते. "सांगतलं होतं न?" ते म्हणाले. आयत खाली बसली आणि तिनं पान उलटं केलं.

खालून हिरवं होतं. गुळगुळीत, चकचकीत. पानाला पाच बोटं नव्हती, एकही फट नव्हती. गोलसर पान, काठाला बारीक दात. तिनं दुसऱ्या फुटव्याचं पान पाहिलं. सातही पाहिले. दिव्यानी वर काहीतरी बोलत होती. आयतनं सहा महिने ते पान रोज पाहिलं होतं, लिहिलं होतं, वह्यांच्या कोपऱ्यांत काढलं होतं. हे ते नव्हतं. फुटवा जोमदार होता, सुंदर होता आणि भलत्याच कोणाचा होता.

"काय झालं?" रीतानं विचारलं.

"काई नाई. ऊन लागलं."

रात्री झोप आली नाही असं काही झालं नाही. उलट ती खूप झोपली. सकाळी मॅडमना दोन्ही पानांचे फोटो पाठवले, तिच्या घरच्या रोपाचं आणि शाळेतलं. फोन लगेच आला.

"खोडाला गाठ होती," मॅडम म्हणाल्या. "गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी पाहिली होती. म्हणजे तुमच्या सरांनी कलम लावलं होतं. खाली जंगली द्राक्षाचं मूळ, वर ही जात. गाठीच्या खाली कापलं की जे फुटतं ते फक्त जंगली. त्याला नुसती पानं येतील, खाण्यासारखं काही नाही." मग थांबून म्हणाल्या, "मी तेव्हाच सगळ्यांना बोलावून सांगायला पाहिजे होतं. बसच्या घाईत होते."

"मंग संपलं?"

"तुझ्याकडे ते रोप आहे ना? तेवढंच आहे. स्वतःच्या मुळांवर किती टिकेल माहीत नाही. पण शाळेतलं मूळ पंचवीस वर्षांचं आहे, मरणार नाही. एक जंगली फुटवा ठेव, बाकीचे खुड. पावसाळा संपता संपता तो पेन्सिलीएवढा जाड झाला, की तुझ्या रोपाची काडी त्याच्यात बसवू. सप्टेंबर धर. तोवर दोन्ही जगायला हवेत. रोप मी आत्ता नेलं असतं, पण सहा तासांच्या बसमध्ये, ह्या उन्हात, दोन पानं पोचायची नाहीत."

लटारूभाऊंना सांगायला आयतला आणखी दोन दिवस लागले. ऐकून ते आळ्याच्या काठावर बसले. खुरपं त्यांनी हातात उलटसुलट केलं.

"म्हंजे म्या जंगली पोसला."

"तुमची चूक नाई, भाऊ."

"माझीच हाये. पण मले काऊन नाई सांगितलं व बेटा, एपरिलपर्यंत हात लावाचा नाई म्हणून? म्या लावला असता का?"

तो राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आयतनं सांगितलं, दमली होती. लटारूभाऊंनी मान हलवली. हे कारण त्यांना कळत होतं. मग त्यांनी सहा फुटवे स्वतःच्या हातानं खुडले, सातव्याला बांबू रोवला, आणि त्या दिवसापासून त्यांनी वेलाला तिच्याशिवाय हात लावला नाही. पाणीसुद्धा विचारून घालायचे. "घालू का? किती?" रोज तेच.

एप्रिल सरत आला. नागपूरचं सगळं ठरलं होतं. अब्बूंच्या बहिणीच्या, तहसीन फुफीच्या घरी राहायचं, दोन मेपासून डॉक्टरकीच्या परीक्षेची बॅच, मग तिथंच अकरावी. आलापल्लीच्या शाळेला जोडून अकरावी-बारावी होती, पण तिथं फिजिक्सला सर टिकत नसत. अब्बूंनी हे दोन वर्षांपासून मनात धरलं होतं. ते स्वतः नववीत गाड्यावर उभे राहिले होते.

आयतला जायचं होतं, हेच अवघड होतं. फुफीच्या घरी कूलर होता, बरोबरीच्या बहिणी होत्या, आणि तिथं कोणी तिला 'किती पाणी घालू' विचारणार नव्हतं. नागपूरच्या त्या खोलीचा विचार केला की तिच्या खांद्यांतलं ओझं उतरायचं. मग मोरीत जाऊन ती रोपाला वाटीनं पाणी घालायची. आता तिसरं पान आलं होतं. ते उलटं करून पाहायची गरज नव्हती, तरी ती रोज पाहायची.

एका दुपारी अब्बू प्रवासाची बॅग आणायला गेले होते, ते परतले. काळी, चाकांची. अम्मीनं मशीन थांबवून बॅगेची चेन तीनदा उघडून पाहिली. नागपूरसाठी शिवलेले चार कुर्ते घडी करून खाटेवर ठेवले होते. बाहेर पंचेचाळीस तापमान, खिडकीला ओला पडदा.

"हिच्यात ठेव कपडे," अब्बू पाय वर करत म्हणाले. "परवा सकाळची गाडी. तहसीन बसस्टँडवर येतो म्हणाली."

"अब्बू, रोपाचं?"

"लटारूभाऊ नाई का? मी बोललो त्याले. घालीन म्हणे पाणी, जान लावून घालीन."

"घालतीन. पण सप्टेंबरात काडी कोण बसवीन?"

"मॅडम येईन न तुही."

"मॅडम सात जिल्ह्यांत आहे. बस चुकली तं येणार नाई. अन् तोवर पान कोण पाहीन? जंगली कोणतं अन् आपलं कोणतं, हे अख्ख्या शाळेत मलेच कळते."

"पान पाहून डॉक्टर होते का कोणी?" अम्मी म्हणाली. तिनं टोमणा मारायला सुरुवात केली होती, पण शेवटी आवाज पडला. चार कुर्त्यांची शिवण तिनं ईदनंतरच्या सुट्टीत, विश्रांती सोडून केली होती. "तू दमली किती, ते मी नाई का पाह्यलं? रमजानमधी काठीसारखी झाली होती. सोड न आता. बहुत केलं."

"बहुत केलं" हेच आयतही महिनाभर स्वतःला सांगत होती. अम्मीच्या तोंडून ऐकल्यावर तिला तिथेच मान्य करून कुर्ते बॅगेत भरावेसे वाटले. तिनं एक उचललाही. फिकट निळा, बाहीला बारीक गोट, अगदी तिच्या मापाचा.

"एकदा सोडलं होतं, अम्मी," ती म्हणाली. "मार्चमधी. भाऊले म्हटलं, तुमीच पाहा, अन् आठ दिवस झोपली. त्याच्यानंच गेला न तो."

अब्बूंनी डोळे मिटले नव्हते. ते पाय खाली घेऊन बसले.

"फिजिक्सले सर नाई इथी," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"पोरी पुढे निघून जातीन तुह्या. रीता चाल्ली चंद्रपूरले."

"तेही माहीत आहे."

"मंग?"

आयतनं कुर्ता पुन्हा घडी केला.   ती पाणी प्यायली आणि तालुक्याला भाषणाला उभी राहिली होती तशी उभी राहिली.

"मी नागपूरले नाई जात. अकरावी इथीच करीन, याच शाळेत. फिजिक्स मोबाइलवर शिकीन, मार्क कमी पडले तं पडले. सप्टेंबरात कलम मी बांधीन. ते लागलं का नाई लागलं, पुढच्या एप्रिलपर्यंत कळीन. मंग तुमी म्हणान तिकडे जाईन, नाई तं मी सांगीन कुठी जायचं ते. अन् अब्बू, फुफीले तुमी फोन नका लावू. मीच लावते."